वाद गाळलेला कायदा

‘शरियतमध्ये स्पष्ट लिहिलंय’ हे वाक्य आपण फोनवर सतत वाचतो. बाजूने बोलणारेही ते वापरतात, विरोधात बोलणारेही. माझं भांडण त्यातल्या ‘स्पष्ट’ या शब्दाशी आहे. अरबी येत नसताना, भंडाऱ्यात बसून, मी सध्या मोबाइलवर ‘हिदाया’चा इंग्रजी अनुवाद वाचतेय. त्यात सगळ्यात कमी सापडणारी गोष्ट म्हणजे एकमत.

‘हिदाया’ हा हनफी परंपरेतला बाराव्या शतकातला ग्रंथ. लेखक बुरहानुद्दीन मर्गिनानी, आजच्या उझबेकिस्तानातल्या फरगाना खोऱ्यातले. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं, की वारसा-विवाहाचे खटले हिंदूंसाठी शास्त्रांप्रमाणे आणि मुसलमानांसाठी कुराणाच्या कायद्याप्रमाणे चालतील. इंग्रज न्यायाधीशांना त्यासाठी पुस्तक हवं होतं. कलकत्त्यात मौलवींनी ‘हिदाया’ फारसीत आणला आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजीत. १७९१ साली त्याचे चार खंड निघाले. म्हणजे हा अनुवादाचा अनुवाद. फारसीत येताना टीकाकारांची स्पष्टीकरणं मूळ मजकुरात मिसळली. नमाज, रोजा, हज ही प्रकरणं हॅमिल्टनने वगळली, कारण कोर्टाला त्यांची गरज नव्हती. मुळात उपासना आणि व्यवहार एकाच ग्रंथात नांदत होते. इंग्रजीत बहुतेक व्यवहारच उरला.

तरीही हॅमिल्टन वाचाच, कारण वाद त्याने ठेवलाय. वक्फचं प्रकरण बघा. इमाम अबू हनीफा म्हणतात, मालकी देणाऱ्याचीच राहते, फक्त उत्पन्न दानात जातं. त्यांचेच दोन शिष्य हे मानत नाहीत. मालकी अल्लाहकडे जाते, असं ते म्हणतात. पुढे त्या दोघांचंही आपसात पटत नाही. अबू यूसुफ यांच्या मते नुसत्या उच्चाराने वक्फ पूर्ण होतो, मुहम्मद यांच्या मते मालमत्ता मुतवल्लीच्या ताब्यात द्यावी लागते. प्रत्येकाची कारणं सोबत दिलेली. आपल्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष-उत्तरपक्ष आठवावा, असा हा मांड.

आता दिनशा मुल्ला यांचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं ‘मुस्लिम कायद्याची तत्त्वे’ हे इंग्रजी पुस्तक उघडा. वकिलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. नंतरच्या आवृत्त्यांचं संपादन केलं न्या. हिदायतुल्ला यांनी. ते १९५४ साली नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हा भंडारा त्याच हायकोर्टाच्या हद्दीत होता. पुस्तक नेमकं आणि उपयोगी आहे, यात वाद नाही. पण त्याची बांधणी कायद्याच्या कलमांची. आधी नियम, खाली खटले. मतभेद येतात ते कोर्टाने कोणाचं मत उचललं, एवढ्यापुरते. का उचललं आणि दुसऱ्याचं म्हणणं काय होतं, हे मागे पडतं.

याची किंमत लोकांनी मोजली. मुस्लिम परंपरेत स्वतःच्या कुटुंबाला देणं हाही सदका, पुण्याचं दान. इंग्रजीत त्याला जो शब्द मिळाला, त्याचा अर्थ परक्या गरिबाला दिलेलं दान. कलकत्ता हायकोर्टात न्या. अमीर अली यांनी हा फरक मांडला होता. तरी १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने मुख्यतः वंशजांसाठी केलेला वक्फ बेकायदा ठरवला. तो निकाल फिरवायला १९१३ चा कायदा करावा लागला. मध्ये १९ वर्षं गेली.

हे फक्त मुसलमानांचंच झालं असंही नाही. कोलब्रुकने १८१० साली ‘मिताक्षरा’मधला वारशाचा भागच तेवढा इंग्रजीत आणला आणि कोर्टात तोच हिंदू कायदा म्हणून चालला.

म्हणून अनुवाद टाकून द्यावा, असं मी म्हणत नाही. अरबी शिकेपर्यंत थांबायचं, तर आपल्यातले बहुतेक कधीच वाचणार नाहीत. वाचताना एवढंच तपासावं, की समोरचं पान निकाल देतंय की युक्तिवाद. आणि कोणी एका ओळीचा स्क्रीनशॉट पाठवला, तर आधी विचारावं: यावर शिष्यांचं मत काय होतं?