पेशीसंवर्धन आणि नैराश्याचे संशोधन : एक चिकित्सा

नैराश्याचे निदान आजही प्रामुख्याने रुग्णाच्या कथनावरून होते. असे असताना प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवरून या आजाराचा अभ्यास कितपत करता येतो, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

या पद्धतीची गरज नाकारता येत नाही. जिवंत रुग्णाच्या मेंदूतील पेशी अभ्यासासाठी सहसा उपलब्ध होत नाहीत. पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीतील प्राण्याची निश्चलता म्हणजे नैराश्य, हे गृहीतकही वादग्रस्त ठरले आहे. याउलट, २०११ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अनाकर व सहकाऱ्यांनी मानवी पूर्वज पेशींवर सर्ट्रालीन या औषधाचा प्रयोग केला. औषधामुळे नव्या चेतापेशींची निर्मिती वाढली. मात्र ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही रोखताच हा परिणाम नाहीसा झाला. औषधाच्या कार्याचा असा एकेक दुवा तपासणे पेशीसंवर्धनातच सुकर होते.

यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये मानवी त्वचापेशींपासून मूलपेशी घडविल्यानंतर रुग्णाच्याच पेशींपासून चेतापेशी तयार करणे शक्य झाले. अमेरिकेतील साल्क संस्थेच्या २०१९ मधील अभ्यासात, औषधाला प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या चेतापेशी सेरोटोनिनच्या सान्निध्यात अतिसक्रिय झाल्याचे आढळले. निष्कर्ष लक्षणीय असला, तरी त्यामागील रुग्णसंख्या अत्यल्प होती.

मूळ मर्यादा मात्र संख्येची नाही. मूलपेशी घडविताना वयाच्या आणि अनुभवाच्या बऱ्याचशा जैविक खुणा पुसल्या जातात. उरतो तो मुख्यतः आनुवंशिक वारसा. २००० मधील जुळ्यांच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार नैराश्यातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के आहे. वियोग, दारिद्र्य, एकाकीपण यांना संवर्धनात स्थान नाही. म्हणून ‘नैराश्यग्रस्त पेशी’ हा शब्दप्रयोग शास्त्रीयदृष्ट्या सदोष ठरतो. पेशीचे कार्य बिघडते. उदास होतो तो माणूस.

तथापि, या मर्यादेमुळे पद्धत निरुपयोगी ठरत नाही. २००६ च्या ‘स्टार-डी’ अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एकतृतीयांश रुग्णच लक्षणमुक्त झाले. उरलेल्यांना योग्य औषध सापडेपर्यंत अनेक आठवडे, कित्येकदा महिने, यातना सोसाव्या लागतात. ‘नैराश्य म्हणजे काय?’ याचे उत्तर पेशीसंवर्धनातून मिळणार नाही. परंतु ‘कोणते औषध कोणाला लागू पडेल?’ या प्रश्नावर त्यातून प्रकाश पडू शकेल. या दोन प्रश्नांतील भेद राखणे, ही संशोधकाइतकीच विज्ञानाच्या अध्यापकाचीही जबाबदारी आहे.