वस्तूंच्या जन्मकथा : एक परीक्षण

अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून एका नव्या वाङ्मयप्रकाराचें फार कौतुक होत असलेलें दिसतें. त्यास अद्यापि कोणीं नांव दिलेलें नाहीं. सोयीसाठीं आम्ही त्यास 'जन्मकथा' म्हणतों. या जन्मकथा साधुसंतांच्या नव्हेत, नित्याच्या वस्तूंच्या आहेत. पाव कोठून आला, सांबार प्रथम कोणीं केलें, हापूस हें नांव कोणाचें, हें चार ओळींत सांगावें, ऐकणाऱ्यानें आश्चर्य करावें आणि तीच गोष्ट लगेच दुसऱ्यास सांगावी, एवढाच तिचा व्याप. भ्रमणध्वनीच्या कृपेनें ती सकाळच्या चहाच्या आधींच घरांत शिरते. काव्य-कादंबऱ्यांचें परीक्षण करणाऱ्या टीकाकारांनीं मात्र तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलेलें नाहीं. जो मजकूर आज घरोघर इतक्या आवडीनें वाचला जातो, तो टीकेच्या कक्षेबाहेर ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आम्ही राहतों त्या उलव्याच्या नव्या वसाहतींत वऱ्हाडापासून कोंकणापर्यंतचीं कुटुंबें शेजारीं शेजारीं नांदतात. गेल्या गणपतींत न्याहारीच्या पंगतीस इडली-सांबार वाढलें जात असतां एका गृहस्थांनीं सांबाराची जन्मकथा सांगितली. छत्रपति संभाजी महाराज तंजावरास आपले चुलतबंधु शहाजीराजे यांच्याकडे पाहुणे गेले. मुदपाकखान्यांतील आमसुलें संपलीं होतीं. म्हणून आमटींत चिंच घातली गेली, आणि पाहुण्याच्या नांवावरून तिला 'सांबार' म्हणूं लागले. मुलें खूष झालीं. इतक्यांत पंगतींतल्या एक वऱ्हाडी वहिनी म्हणाल्या, "पण आमच्याकडे तर सांबार म्हणजे कोथिंबीर!" सगळे हंसले, आणि विषय तेथेंच राहिला. आमच्या मनांत मात्र तो राहून गेला. कारण त्या हंशांत एक उत्तम शंका बुडून गेली होती.

ती शंका पुन्हां वर काढूं. तंजावरचे शहाजीराजे १६८४ मध्यें गादीवर आले. संभाजी महाराजांचा अंत ११ मार्च १६८९ रोजीं झाला. म्हणजे ही मेजवानी मधल्या पांच वर्षांतच बसवावी लागते, आणि तीं वर्षें महाराजांना औरंगजेबाच्या फौजांशीं झुंजण्यांत घालवावीं लागलीं. तरीहि मेजवानी झाली असें म्हणावयाचें, तर तिचा समकालीन कागद पुढें केला पाहिजे. कथा सांगणारांपैकीं तो कोणी पुढें करीत नाहीं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. शोध घ्यावयाचा तर तो तेथें घ्यावा. दुसरें असें कीं, सांबार हा शब्द वऱ्हाडांत कोथिंबिरीस लागतो, याचा या कथेंत कांहींच उलगडा होत नाहीं. संस्कृतांत 'संभार' म्हणजे सामग्री, जमवाजमव. सांबाराचें मूळ त्या शब्दांत शोधणारे अभ्यासक आहेत, आणि आमटींत पडणाऱ्या मसाल्यास व कोथिंबिरीस तो अर्थ सारखाच जुळतो. महाराजांचें मोठेपण आमटीच्या वाटीवर अवलंबून नाहीं. तें तिच्यांत शोधणें हाच त्यांचा खरा अनादर होय.

दुसरी कथा पावभाजीची. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें असतां तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. येथवर इतिहास आहे. पुढें कथा म्हणते कीं, अमेरिकेंतील भावांच्या तारा रात्रीं येत, व्यापारी व दलाल रात्रभर जागत, आणि त्यांच्या भुकेसाठीं उरल्यासुरल्या भाज्या एकत्र चेंचून पावाबरोबर देत. चित्र मोठें मनोहर आहे. पण तार होती कोठें? अटलांटिक महासागरांतून १८५८ मध्यें टाकलेली तार कांहीं आठवड्यांतच मुकी झाली, आणि टिकाऊ तार १८६६ मध्यें पडली. इराणच्या आखातांतील तार १८६४ मध्यें टाकण्यांत आली व हिंदुस्थान आणि विलायत यांचा तारेचा संबंध १८६५ च्या आरंभीं जुळला. त्याच वर्षाच्या एप्रिलांत युद्ध संपलें. म्हणजे युद्धाचीं जवळजवळ सारीं वर्षें मुंबईकर व्यापारी आगबोटीच्या टपालाची वाट पाहत होता. पावभाजीचा संबंध गिरणी-कामगारांच्या घाईच्या जेवणाशीं जोडणारी जी दुसरी कथा आहे, ती आम्हांस अधिक संभवनीय वाटते. परंतु तींत परदेशचें युद्ध नाहीं आणि लक्षाधीशहि नाहीं, म्हणून ती सांगतांना सांगणाराचा आवाज तितका चढत नाहीं.

पावाविषयीं तर याहून वाईट प्रकार आहे. तो पायांनीं तुडवून करतात म्हणून 'पाव', असें सांगणारे आजहि भेटतात. त्याचा चौथा हिस्सा म्हणून 'पाव' असेंहि कोणी सांगतात. वास्तविक पोर्तुगीज भाषेंत भाकरीस 'पांव' असाच कांहींसा अनुनासिक उच्चार असलेला शब्द आहे, आणि आपला पाव तोच. गोव्यांतील पोदेर पीठ आंबविण्यास माडाची माडी वापरीत, ही खरी हकीकत किती रसाळ आहे! ती सोडून भट्टीपुढें पहांटेपर्यंत राबणाऱ्या माणसावर पाय लावल्याचा आरोप करणारी कथा आम्हीं कां उचलावी?

सर्वच जन्मकथा खोट्या आहेत, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. हापूस हें नांव 'आफोन्सो' या पोर्तुगीज नांवावरून आलें, हें सर्वमान्य आहे. पण तेवढ्यावर समाधान न मानतां, सेनापति आफोन्सो द आल्बुकर्क यानें हें आंब्याचें कलम येथें आणलें असें जेव्हां सांगतात, तेव्हां तारखा पाहाव्या. त्यानें गोवें घेतलें १५१० मध्यें, आणि तो वारला १५१५ मध्यें. तीं वर्षेंहि बहुतेक स्वाऱ्यांतच गेलीं. कलमें बांधण्याच्या कलेचें श्रेय सामान्यतः ज्यांना देतात, ते जेझुइट पाद्री गोव्यांत आले १५४२ मध्यें. नांव सेनापतीचें असेल. चाकू व माती ज्याच्या हातीं होती, तो माळी निराळा.

येथें या वाङ्मयप्रकाराचा मुख्य दोष आमच्या हातीं लागतो. खोट्या जन्मकथेंत वस्तूचा जनक बहुधा राजा, सेनापति किंवा कोट्यधीश असतो. खऱ्या जन्मकथेंत तो खलाशी, आचारी, भटारी, माळी किंवा मजूर असतो, आणि त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. पहिल्या कथेनें आपला अभिमान सुखावतो. दुसरीनें आपण कोणाचे ऋणी आहों तें कळतें.

आणि आश्चर्यच हवें असेल, तर तें दुसरींत अधिक आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. 'साबु' हा शब्द मलाया-जावाकडील 'सागू' नांवाच्या ताडासारख्या झाडाचा. आपला साबुदाणा मात्र मुख्यतः तामिळनाडूंतील सेलमच्या बाजूस कसाव्याच्या कंदापासून होतो, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा. भुईमूग तेथलाच. मिरचीहि अमेरिकेची. बटाट्याची गंमत तर और आहे : वस्तु अँडीज पर्वतांतली, पण 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टायनो लोकांचा, आणि तोहि मुळांत रताळ्याचा. एकाच्या घरचें नांव दुसऱ्याच्या घरच्या कंदास चिकटलें आणि पोर्तुगीज गलबतांतून तें आपल्या देव्हाऱ्याच्या शेजारीं येऊन बसलें. कोलंबस १४९२ मध्यें त्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं ही खिचडी आपल्याकडे कोणासहि करतां आली नसती. यांत उपवासास उणेपणा येतो असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. ज्या स्वयंपाकघरानें इतक्या दूरच्या पाहुण्यांना सोंवळ्यांत घेतलें, त्याचें मन मोठें होतें एवढेंच यावरून सिद्ध होतें.

शब्दांचीहि तीच गोष्ट. चावी, बादली, लिलाव, पगार, तुरुंग, बिजागरी, घमेलें हे सारे पोर्तुगीजांकडून आलेले. यांत दरबारी डौलाचा एकहि शब्द नाहीं. ते आणले सुतारानें, गवंड्यानें, गोदींतल्या हमालानें, कर्जबाजाऱ्यानें आणि कैद्यानें. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या प्रचंड विद्वानासहि शब्दाचें मूळ संस्कृतांतच शोधण्याचा मोह कित्येकदां आवरला नाहीं. मग सामान्य वाचकास तो झाल्यास नवल काय? परंतु घमेल्याचें मूळ पोर्तुगीजांत आहे म्हणून मराठीचें कांहीं बिघडलें नाहीं. आमच्या खिडकीखालीं आजहि नव्या इमारतींवर बाया डोक्यावरून घमेलीं वाहतात. त्यांच्या डोक्यावर चारशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सांगण्यास कोणत्याहि राजाची गरज नाहीं.

कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, चार घटका करमणूक होते, तींत तुम्ही विरजण कां घालतां?" आक्षेप मान्य आहे. दंतकथा दंतकथा म्हणून सांगावी. आम्हीहि ती आवडीनें ऐकूं. ती इतिहास म्हणून सांगावयाची असेल, तर मात्र सांगणारानें स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : तारखा जुळतात काय? जुना कागद कोठें आहे? आणि हाच शब्द दुसऱ्या जिल्ह्यांत कोणत्या अर्थानें वापरतात? यांतला तिसरा प्रश्न आम्हीं कोणत्याहि ग्रंथांतून घेतलेला नाहीं. तो त्या वऱ्हाडी वहिनींचा आहे.

हा नुसता पंडिती वाद नव्हे. ज्या भूमीवर बसून आम्ही हें लिहीत आहों, तिची जन्मकथा आमच्या डोळ्यांदेखत पुसली गेली. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, आणि उलवें, तरघर, कोंबडभुजें, गणेशपुरी यांसह दहा गांवें उठलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. नांव राहिलें, पण टेकडी गेली आणि नदीचें जुनें पात्रहि गेलें. आणखी पन्नास वर्षांनीं कोणी मुलगा विचारील, "उलवें म्हणजे काय?" तेव्हां येथें अमुक राजा उतरला होता आणि त्याच्या राणीचें नांव तमुक होतें, अशी एक गोड कथा त्याला तयार मिळेल. खाजण कोठें होतें, कोणत्या बांधास काय म्हणत, भरतीचें पाणी अडविणारी उघाडी कोणाच्या शेतापाशीं होती, मिठागरांत कोणत्या हंगामांत काय काम चाले, हें सांगणारे आगरी व कोळी वृद्ध आज हयात आहेत. उद्यां ते नसतील.

म्हणून वाचकांस आमची एकच विनंति आहे. पुढच्या सणास पंगत बसेल तेव्हां जन्मकथा अवश्य सांगाव्या. पण त्या पंगतींत या मातींतला एखादा वृद्ध असेल, तर आधीं त्याला बोलूं द्यावें आणि मुलांकडून तें वहींत उतरवून घ्यावें. आम्हीं स्वतः तशी एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर सांबार म्हणजे कोथिंबीर, एवढेंच लिहिलेलें आहे.