वेरूळचीं खोदचित्रें : वास्तु व निसर्ग

थॉमस व विल्यम डॅनियल यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या संग्रहांतील वेरूळचा भाग इ. स. १८०३ मध्यें लंडनास प्रसिद्ध झाला. त्यांत २४ चित्रें असून त्यांचीं मूळ रेखाटनें जेम्स वेल्स यानें केलेलीं होतीं. सवाई माधवरावांचें चित्र काढणारा म्हणून वेल्स आमच्या वाचकांस परिचित आहेच. तो १७९५ सालीं वारला. पुढें थॉमस डॅनियलच्या देखरेखीखालीं तीं रेखाटनें तांब्याच्या पत्र्यावर उतरलीं.

संग्राहकांपैकीं कोणी हीं चित्रें केवळ शोभेचीं समजतो, तर कोणी छायाचित्रासारखीं अस्सल मानून त्यांवरून लेण्यांची तत्कालीन स्थिति ठरवूं पाहतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष चित्राची रचना न वाचतांच निर्णय देतात.

त्या काळच्या इंग्रजी निसर्गचित्राचा एक सांचा ठरलेला होता : पुढें सावलीची काळी भूमि, एका बाजूस वृक्ष, मध्यें उजळ इमारत, मागें फिकट क्षितिज. झाडाची वांकडी व इमारतीची सरळ रेषा यांच्या विरोधानें नजर मध्यभागीं स्थिर व्हावी, हा त्यांतील हेतु. अ‍ॅक्वाटिंट पद्धति यास सोईची होती. तींत पत्र्यावर राळेची पूड बसवून तो तेजाबांत धरतात. जो भाग अधिक वेळ खाल्ला जातो तो छापतांना अधिक काळा उठतो.

मैदानांतील देवळास हा सांचा शोभतो. कैलासास तो लागू पडत नाहीं. तेथें डोंगरच वरून खालीं खोदून देऊळ उरविलें आहे. सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद चौक आणि मागें शंभर फुटांहून उंच कडा, अशा जागीं क्षितिज आणावें कोठून? वास्तु व निसर्ग यांचें द्रव्य एकच; भेद काय तो छिन्नी जेथें थांबली त्या रेषेचा. राळेची छाया सर्वत्र सारखी मऊ उठते. त्यामुळें लेण्यांतील गहन अंधार तींत उत्तम साधतो, पण घडीव व अनघड दगडांचा पोत निराळा दाखविणें कठीण पडतें. तीन तालाची गोष्ट वेगळी. साध्या चौकोनी खांबांच्या रांगा आणि वर मूळचा डोंगर, हा विरोध तेथें स्थलांतच आहे. चित्रकारास तो निर्माण करावा लागत नाहीं.

मग या चित्रांचें प्रामाण्य किती? ताम्रपट वाचतांना आपण राजाच्या विशेषणांवर इतिहास रचीत नाहीं, परंतु दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा काळजीपूर्वक पाहतों. तोच न्याय येथें लावावा. पुढील झाडी, ढग व उजेड ही प्रशस्ति होय. मजले, खांबांची संख्या व खोदकामाची कड या चतुःसीमा होत. त्या पडताळण्यास साधनही आहे. पुणें दरबारांतील इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठीं गंगाराम चिंतामण तांबट यानेंही वेरूळचीं चित्रें काढलीं होतीं. त्याच्या चित्रांपैकीं कांहीं आज अमेरिकेंत येल येथील ब्रिटिश कला केंद्रांत आहेत. वेल्सच्या चित्राशेजारीं गंगारामाचें चित्र ठेवल्यावांचून त्यावरून कोणतेंही विधान करूं नये.

प्रशस्ति आहे म्हणून ताम्रपट कोणी वितळवीत नाहीं. तद्वत् चित्रांतील वृक्षही निरर्थक नाहींत. दगडाची विशालता प्रेक्षकास भासावी म्हणून ते तेथें आहेत. मात्र हे ग्रंथ फोडून एकेक चित्र विकण्याची चाल घातक आहे. तीं एकत्र असलीं तरच कोणता वृक्ष स्थलाचा व कोणता सांच्याचा, हें ताडतां येईल. ज्यांच्या संग्रहीं अखंड प्रत असेल त्यांनीं ती अखंडच राखावी, अशी आमची विनंति आहे.