लिंक रे यांचे ‘रम्बल’ : शब्दांविना आशय

अमेरिकन गिटारवादक लिंक रे यांच्या ‘रम्बल’ (१९५८) या वाद्यरचनेत एकही शब्द नाही. तरीही टोळ्यांमधील मारामारी सूचित करणाऱ्या शीर्षकामुळे आणि तिच्या आक्रमक नादामुळे तरुण हिंसेस प्रवृत्त होतील, या भीतीने काही नभोवाणी केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली. ही बंदी रे यांच्या सामर्थ्याची अप्रत्यक्ष कबुलीच होय. स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने छिद्रे पाडून त्यांनी गिटारचा स्वर हेतुतः फाटका केला. स्वरशुद्धतेच्या निकषावर हा दोष ठरतो. परंतु रचनेतील धमकीचा भाव त्या दोषातूनच व्यक्त होतो. ‘द हू’चे पीट टाउनशेंड यांनी रे यांचे ऋण मान्य केले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मात्र त्यांच्या निधनानंतर (२००५) अठरा वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यांचा सन्मान केला. वादनातील सफाईपेक्षा नादाच्या पोतालाच आशयाचे स्थान देणे, हा रे यांचा खरा वारसा ठरतो.