‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं कधीचं? एक जीप, एक नियम आणि थोडं धातुशास्त्र

या ब्लॉगवर मी एरवी गंजाबद्दल लिहिते, कारण माझी पीएचडीच लोखंडावरच्या लेपांवर आहे. आज थोडा वेगळा विषय घेतेय. निमित्त आहे ढोकीला आमच्या वाड्याच्या मागं पत्र्याखाली उभी असलेली जीप. दिवाळीला घरी गेले तेव्हा काकांनी विचारलं, “तू लोखंडाची डॉक्टर होणार म्हणतेस, मग सांग बरं, ही गाडी ओरिजिनल हाय का न्हाई?”

प्रश्न गमतीचा वाटला, पण त्यामागं पैशाचा हिशेब होता. आमची जीप ‘डिस्पोजल’ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकून टाकलेल्यांपैकी एक. आजोबांनी ती कोणाकडून तरी घेतली होती. काकांना कोणी तरी सल्ला दिला, की डिझेल इंजिन काढा, जुनं पेट्रोल इंजिन शोधा, नवी बॉडी चढवा, हिरवा रंग मारा, म्हणजे गाडी ‘व्हिंटेज’ होईल. काका रान विकायला निघाले नव्हते, पण एफडी मोडायच्या तयारीत होते. म्हणून हा सल्ला ज्या नियमावर आणि ज्या समजुतीवर उभा आहे, ते दोन्ही नीट तपासायचं मी ठरवलं.

आधी नियम बघू. जुलै 2021 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. त्यात 50 वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकी येतात. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात जपलेलं असावं आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात, ती 10 वर्षं चालते, नूतनीकरणाला 5,000. नव्यानं नोंदलेल्या गाडीला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी ती चालवता येत नाही.

या नियमाचं एक श्रेय द्यायलाच हवं. चॅसी, बॉडी, इंजिन हे तीन भाग त्यानं बरोबर निवडलेत. टायर, बॅटरी, वायरिंग बदलणारच. जुना नंबर ठेवू देणं हेही शहाणपणाचं, कारण नंबर हासुद्धा गाडीच्या इतिहासाचा पुरावा असतो. माझी अडचण ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांशी आहे. मूळ म्हणजे कोणत्या दिवशीचं? आणि ते ओळखायचं कसं?

युद्धातली जीप यासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण ती दोन कंपन्यांनी बनवली. विलीजची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. आराखडा एकच, पण खुणा वेगळ्या. सगळ्यात भरवशाची खूण पुढं रेडिएटरच्या खाली चॅसीला जोडणारी आडवी दांडी. विलीजमध्ये ती गोल नळीची असते, फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराची पट्टी असते. फोर्डनं तर आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर उठवलं.

आमच्या गाडीखाली टॉर्च घेऊन शिरले. आरसी बुकात ‘विलीज’ लिहिलंय, दांडी मात्र उलट्या ‘यू’ची. म्हणजे कागद विलीज म्हणतोय आणि लोखंड फोर्ड. काका म्हणाले, “मग आपण फसलो म्हणायचं का?” नाही. आपल्याकडं प्रत्येक जीपला विलीजच म्हणायचे, लिहिणाऱ्यानं तेच लिहिलं.

आता खरी गंमत बघा. सुरुवातीच्या विलीज जीपची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती. फोर्डनं एकाच पत्र्यातून दाबून नऊ फटींची जाळी काढली, ती स्वस्त आणि हलकी पडली, आणि मग विलीजनंही तीच घेतली. 1944 च्या सुमारास दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांना अमेरिकन सेंट्रल या एकाच कंपनीच्या बॉड्या बसू लागल्या. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच गाडी ‘मिसळीची’ होती. 1942 ची जाळी 1944 च्या चॅसीवर, किंवा त्याच्या उलट, बसवून ‘ओरिजिनल पार्ट’ म्हणणं खरं आहे आणि चूकही. भाग अस्सल आहे, पण त्या गाडीचा नाही. ‘अस्सल’ आणि ‘त्या गाडीसाठी बरोबर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमात हा फरक नाही, आणि हौशी मंडळींच्या बोलण्यातही तो क्वचितच येतो.

मग भाग ओळखायचा कसा? मी ज्या क्रमानं बघितलं तो सांगते.

पहिलं, पाना. युद्धातल्या जीपचे बोल्ट इंची मापाचे. गावातल्या मिस्त्रींनी हे माझ्याआधी ओळखलं. “ताई, ह्याला तेराचा पाना ढिला होतोय, हाफ इंची द्या.” अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, हाताला फरक लगेच कळतो. बोल्टच्या डोक्यावर ‘8.8’ असा आकडा दिसला तर तो मेट्रिक पद्धतीचा, नंतर बसवलेला. आमच्याकडं मागच्या बाजूचे बरेच बोल्ट असे निघाले.

दुसरं, ओतीव भाग. बाजारात जुन्या भागावरूनच साचा काढून नवे भाग ओततात. वितळलेलं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. कारखान्याचा मूळ साचा ही आकसण धरून थोडा मोठा केलेला असतो. तयार भागावरून साचा घेतला तर नक्कल तेवढीच लहान येते. 300 मिलिमीटरच्या भागात सुमारे 3 मिलिमीटर! यंत्रावर तासलेली पृष्ठं माप जुळवून घेतात, म्हणून मोजायचं तर न तासलेल्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. उठावाचे आकडेही नकलेत गुळगुळीत, कडा मेलेल्या दिसतात.

तिसरं, लेप. आमच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र आहे. भाग न खरवडता कळतं, की बोल्टवर जस्त आहे की कॅडमियम. कॅडमियम दिसलं म्हणजे भाग जुना असण्याची शक्यता वाढते, सिद्ध काही होत नाही, कारण कॅडमियमचा मुलामा युद्धानंतरही बरीच वर्षं चालू होता. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. जुने चकचकीत-पिवळट बोल्ट कोरडे घासू नका, कॅडमियमची धूळ विषारी असते.

चौथं, रंग. नखाएवढा पापुद्रा रेझिनमध्ये बसवून कडेनं घासला, की सूक्ष्मदर्शकाखाली थर दिसतात, जसे विहिरीच्या कडेला मातीचे दिसतात. आमच्या चॅसीवर सर्वांत खाली तांबूस प्रायमर, वर लष्करी हिरवा, मग मळ, मग निळा, पुन्हा मळ, मग पांढरा. हिरवा तळाशी आहे, म्हणून मी त्याला मानते. बॉनेटवर मात्र हिरवा निळ्याच्या वर निघाला. तो कोणीतरी हौसेनं नंतर मारलेला.

पाचवं, नंबर. पोलादात ठोकलेला आकडा घासून काढला तरी खालचा दबलेला धातू वेगळा राहतो आणि आम्लाच्या लेपानं तो पुन्हा उमटतो. पोलीस तपासात हीच पद्धत वापरतात. ओतीव लोखंडावर ती तितकी साधत नाही. घरी करू नका.

बघा, यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. ‘एफ’ छापाचे बोल्ट आज नवे करकरीत विकत मिळतात. फिलिपिन्समधून अख्ख्या बॉड्या येतात, त्याही सुबक. त्यामुळं सगळ्या खुणा जुळवून आणलेली, पण गेल्या वर्षीच्या पत्र्याची जीप पाहणाऱ्याला जास्त ‘ओरिजिनल’ वाटते. आणि आमची, चॅसी खरी पण इंजिन डिझेल, ती अटीत नापास. काकांना मिळालेल्या सल्ल्याचा अर्थ हाच होता. 80 वर्षांचा खरा पुरावा काढून टाका आणि नवा पुरावा बसवा.

त्या डिझेल इंजिनाचीही गोष्ट आहे. पेट्रोल परवडेना म्हणून मराठवाड्यात कितीतरी जीपांची इंजिनं बदलली. आमच्या गाडीनं त्या इंजिनावर ऊसतोड मजूर आणले, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, वऱ्हाडं वाहिली. ‘मोठा फेरफार नको’ ही अट ज्यांच्या गाड्या गॅरेजमध्ये झाकून राहिल्या त्यांना सोपी जाते. ज्यांनी गाडी राबवली, त्यांना नाही.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं 2013 मध्ये ट्यूरिन चार्टर लागू केला. त्याचा रोख मला जास्त पटतो. जपणूक आधी, पुनर्बांधणी नंतर. वापराच्या काळात झालेले बदलही इतिहासाचा भाग, आणि नवा भाग बसवला तर तो नवा म्हणून ओळखता यावा. आपल्या नियमात निदान अशी एक नोंदवही जोडता आली असती: कोणता भाग मूळ, कोणता त्या काळातला पण दुसरीकडचा, कोणता नवा. पास-नापासापेक्षा हे तपासणाऱ्यालाही सोपं आणि फसवणुकीलाही अवघड.

ढोकीहून जवळच तेर आहे. तिथलं त्रिविक्रम मंदिर तुम्ही पाहिलं असेल. मागं विटांचं, चापाकार, फार जुनं बांधकाम आणि पुढं नंतर जोडलेला मंडप. मंडप ‘मूळ नाही’ म्हणून पाडा, असं कोणी म्हणत नाही. दोन्ही काळ दिसतात म्हणून तर आपण ते बघायला जातो.

आमचं ठरलंय ते असं. डिझेल इंजिन राहणार. ‘व्हीए’ नंबर मिळणार नाही, ते काकांनी जरा नाराजीनंच मान्य केलं. चॅसीवरचा गंज थांबवायचं काम मी करतेय, रंगाचा एक हातभर पट्टा सगळ्या थरांसकट तसाच ठेवून. बदललेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, चिठ्ठीसकट. एफडी शाबूत आहे.

तुमच्या दारातही अशी गाडी असेल तर खोलण्याआधी फोटो काढा, आणि जुना भाग भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उलटा करून बघा. काही छाप दिसला तर खाली लिहा, आपण मिळून ओळखू.