किती वेळ पाहायचे?

किम्बर्ली पीअर्स यांच्या ‘बॉईज डोन्ट क्राय’ (१९९९) या चित्रपटात लाना नावाची तरुणी ब्रँडनबरोबरच्या पहिल्या रात्रीविषयी मैत्रिणींना सांगते. तिच्या आठवणीतून ती रात्र आपल्याला दिसते. कॅमेरा शरीरांमागे फारसा धावत नाही. तो लानाच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथेच राहतो. तिला सुख होते आहे, एवढेच त्या चेहऱ्यावर आहे.

चित्रपट प्रमाणपत्रासाठी गेला तेव्हा त्याला आधी ‘एनसी-१७’ मिळाले, म्हणजे सतरा वर्षांपर्यंतच्या कोणालाही पालकांसह देखील प्रवेश नाही. पीअर्स यांनी पुढे सांगितले की आक्षेपांमध्ये हा चेहराही होता. तो फार वेळ दिसतो, अशी तक्रार होती. ब्रँडन तोंड पुसतो, त्यावर आक्षेप होता. बलात्काराच्या दृश्यावरही होता, हे नोंदवायला हवे. शेवटी ब्रँडनच्या डोक्यात गोळी घातली जाते, त्यावर मात्र काही म्हणणे नव्हते.

ब्रँडन टीना ही खरी व्यक्ती. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला हा तरुण पुरुष म्हणून जगत होता आणि ३१ डिसेंबर १९९३ रोजी नेब्रास्का राज्यात त्याचा खून झाला. म्हणजे खऱ्या आयुष्यात ज्याचा शेवट झाला ती हिंसा दाखवण्याजोगी ठरली आणि त्याने एका स्त्रीला दिलेले सुख मोजून कमी करावे लागले. मला या मोजण्याविषयी लिहायचे आहे.

प्रेक्षकाविषयी लिहायचे तर लॉरा मल्वी यांच्या १९७५च्या निबंधापासून सुरुवात करण्याची रीत आहे. हॉलिवूडचा चित्रपट प्रेक्षकाला पुरुषाच्या जागी बसवतो आणि स्त्रीला बघण्याची वस्तू करतो, हे त्यांचे म्हणणे आता इतके रुळले आहे की ‘पुरुषी नजर’ हा शब्द जाहिरातींच्या चर्चेतही येतो. विद्यापीठात न शिकलेल्या माझ्यासारख्याला त्या निबंधातले मनोविश्लेषण पचायला वर्षे लागली. पचल्यावर एक अडचण उरली. मल्वींचा प्रेक्षक हा सिद्धान्तातला प्रेक्षक आहे. अमेरिकेत मात्र एक प्रेक्षक चक्क पगारावर नेमलेला आहे आणि त्याच्याकडे कोणी फारसे बघितले नव्हते.

आपल्याकडे सेन्सॉर म्हटले की सरकार आठवते. आपले मंडळ १९५२च्या कायद्याने चालते. अमेरिकेत तसे नाही. तिथे हे काम चित्रपट-उद्योगच करतो. १९३० साली लिहिलेली आणि १९३४पासून कडकपणे राबवलेली ‘हेज संहिता’ उद्योगाचीच होती. समलिंगी संबंधांचा नुसता सूचक उल्लेखही तिला ‘विकृती’ म्हणून चालत नसे. १९६८ साली ती मोडीत निघून श्रेणी देण्याची पद्धत आली. जॅक व्हॅलेंटी यांनी ती आणली आणि पुढे अनेक दशके तिचे समर्थन केले. हे सेन्सॉर नव्हे, पालकांना दिलेली माहिती आहे, असा त्यांचा दावा. कोणी कापायला सांगत नाही, हे अक्षरशः खरेच आहे. पण ‘एनसी-१७’ मिळाले की मोठी चित्रपटगृहे तोंड फिरवत, वर्तमानपत्रे जाहिरात घेईनात, आणि करारात ‘आर’ श्रेणी आणून देण्याची अट असे. मग दिग्दर्शकच कात्री हातात घेई. विचारसरणी स्वतःचे नाव न सांगता कशी काम करते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

श्रेणी ठरवणारे कोण? सामान्य अमेरिकी पालक, असे उत्तर मिळे. नावे गुप्त. कर्बी डिक यांनी ‘धिस फिल्म इज नॉट येट रेटेड’ (२००६) या माहितीपटासाठी खासगी गुप्तहेर लावून ती शोधून काढली. तो पाठलाग मला थोडा पोरकट वाटतो, पण हाती आलेली माहिती पोरकट नाही. काही जणांची मुले केव्हाच मोठी झालेली होती. अपील ऐकणाऱ्यांत चित्रपटगृहांचे आणि वितरणाचे लोक, आणि सोबत दोन ख्रिस्ती धर्मसंस्थांचे प्रतिनिधी. अपील करताना दुसऱ्या चित्रपटाचा दाखला देता येत नसे! तुलना केली की नजर उघडी पडते, म्हणून तुलनाच बंद. हा नियम २००७ साली, माहितीपट गाजल्यावर, सैल झाला.

तुलना केली तर काय दिसते? १९९९ सालचेच दोन विनोदी चित्रपट घ्या. ‘अमेरिकन पाय’मध्ये एक मुलगा सफरचंदाच्या पायबरोबर जे करतो ते ‘आर’मध्ये बसले. जेमी बॅबिट यांच्या ‘बट आय’म अ चीअरलीडर’मध्ये मुलगी अंगावरच्या कपड्यांवरूनच स्वतःला स्पर्श करते. तिला आधी ‘एनसी-१७’. ‘अमेरिकन पाय’लाही काटछाट करावी लागली होती, म्हणून हा नुसता पक्षपाताचा सरळ हिशेब नाही. पण मुलाच्या वासनेवर हसता येते, मुलीची वासना हसण्यापलीकडची ठरते, हा फरक उरतोच. २०१० साली ‘ब्लू व्हॅलेंटाइन’मध्ये नवरा बायकोला मुखसुख देतो, म्हणून तेच प्रमाणपत्र. तिथे तर विवाहित, स्त्री-पुरुष जोडपे होते. अपिलात एकही दृश्य न कापता ते ‘आर’ झाले.

पीअर्स यांचा चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. नेब्रास्कातल्या त्या घरात त्या रात्री एका कृष्णवर्णीय तरुणाचाही खून झाला होता. चित्रपटात तो नाहीच. ही वगळणूक कोणत्याही मंडळाने करायला लावली नव्हती. कृष्णवर्णीय प्रेक्षक पडद्याशी भांडत भांडत पाहतो, हे बेल हुक्स यांनी १९९२च्या लेखसंग्रहात मांडले होते. ती ओळ चित्रपटाच्या निर्मात्यांपर्यंत पोचली नव्हती असे दिसते.

बॅरी जेन्किन्स यांच्या ‘मूनलाइट’मध्ये (२०१६) कृष्णवर्णीय मुलगा केंद्रस्थानी आहे. समुद्रकिनाऱ्यावर रात्री केव्हिन शिरॉनला स्पर्श करतो, तेव्हा कॅमेरा दोघांच्या पाठीमागे असतो. मग शिरॉनचा हात वाळूत रुततो. पहिल्यांदा पाहताना मला हा निव्वळ संयम वाटला. लानाच्या चेहऱ्याची हकीकत वाचल्यावर तीच पाठमोरी चौकट वेगळी दिसू लागली. ही कवीची निवड की ऐंशी वर्षांच्या सवयीने कॅमेऱ्याला लागलेले वळण? चित्रपटाला ‘आर’ मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर.

माझा कल जेन्किन्स यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण तिसरा भाग. मोठा झालेला, अंगाने पहिलवान, सोन्याचे दात लावलेला शिरॉन खाणावळीत येतो. केव्हिन त्याच्यासाठी स्वतः रांधतो, ताट समोर ठेवतो, दातांबद्दल चेष्टा करतो. खायचे तर शिरॉनला ते सोन्याचे कवच काढावे लागते. तो ते काढतो. इथे स्पर्श जवळजवळ नाही आणि मंडळाच्या घड्याळाला मोजण्यासारखे काही नाही. कॅमेरा मात्र घाई न करता त्या दोघांच्या चेहऱ्यांवर थांबतो.