धुळ्याचें राजवाडे मंडळ : एक परीक्षण

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें निवर्तले. पुढील वर्षींच भास्कर वामन भट प्रभृतींनीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ काढिलें. पुण्या-मुंबईपासून दूर, जिल्ह्याच्या गांवीं इतिहासाचे ग्रंथ छापणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय. तरी धुळ्यास तो नवा नव्हता. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेनें हस्तलिखितावरून दासबोध छापून हा मार्ग आधींच घालून दिला होता.

अशा संस्थेची परीक्षा आम्ही तीन प्रश्नांनीं करितों : तिनें काय जपलें, तें कसें तपासलें, आणि भोंवतालच्या प्रदेशास काय दिलें?

पहिल्याचें उत्तर निःसंशय गौरवास्पद आहे. राजवाड्यांचा धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनानें मंडळानें काढिला, पुढें मु. ब. शहा यांच्या संपादकत्वाखालीं समग्र साहित्याचे १३ खंड प्रसिद्ध केले. विखुरलेल्या लेखांसाठीं जुन्या मासिकांच्या फायली चाळण्याचा अभ्यासकांचा त्रास त्यामुळें चुकला.

दुसऱ्या प्रश्नापाशीं मात्र थबकावें लागतें. राजवाड्यांची बुद्धि जितकी तीव्र तितकीच उतावीळ. मराठी शब्दाचें मूळ संस्कृतांतच शोधण्याकडे त्यांचा ओढा. देशी व द्राविडी शब्दांचा वाटा त्यामुळें आखडतो. असा कोश विद्यार्थ्याच्या हातीं देतांना कोणती व्युत्पत्ति टिकली व कोणती पडली हें सांगणाऱ्या टीपा शेजारीं हव्यात. यांत गुरूचा अधिक्षेप नाहीं. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' २२ खंडांत छापतांना त्यांनीं स्वतः अस्सल कागदापुढें कोणाची भीड धरली नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चाळीसगांवाजवळील पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखांत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ स्थापिलेल्या मठाची हकीकत असून दानाचा तपशील मराठींत आहे. थाळनेर व बऱ्हाणपूर येथून फारुकी सुलतानांनीं १६०१ पर्यंत, दोनशेंहून अधिक वर्षें, राज्य केलें. त्यासाठीं फारसी जाणणारा संशोधक पाहिजे. सातपुड्यांतील भिल्लांचा वृत्तांत बहुतांशीं इंग्रज अंमलदारांच्या अहवालांतून, म्हणजे प्रतिपक्षाच्या तोंडून, ऐकावा लागतो. अहिराणीचें धन तर मुख्यतः मुखींच राहिलें. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर. घरच्यांनीं त्यांचीं गाणीं टिपून ठेविलीं म्हणून तीं त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. असें घर किती जणींस लाभलें असेल?

राजवाड्यांचें साहित्य मंडळ नसतें तरी कधीं ना कधीं कोणी छापलेंच असतें. खानदेशचीं हीं साधनें मात्र धुळें-जळगांवनें न जपल्यास दुसरें कोणी जपणार नाहीं. म्हणून मंडळाच्या कार्याचें माप यापुढें याच कामानें घेतलें जावें, असें आमचें मत आहे. तथापि सारा भार संस्थेवर टाकून वाचकांनींही मोकळें होऊं नये. माळ्यावरचें बाड वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं मंडळास दाखवावें, आणि छापलेले खंड विकत घेऊन घरांत वाचावे. ग्राहकावांचून दप्तरें छापत राहणें कोणत्याही मंडळास फार काळ परवडत नाहीं.